लिनक्सवरून फॅक्स: मोडेम घ्यावा की ऑल-इन-वन?

या महिन्याच्या टपालात फॅक्सचेच प्रश्न एवढे आले की बाकीचे पुढच्या अंकावर ढकलतोय. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली तेव्हा ‘आता फॅक्सचा नंबर’ असं आमच्या खात्यातले सगळे म्हणत होते. अजून तरी लागलेला नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली, त्यामुळे लिनक्सपेक्षा मी लाइनीबद्दल जास्त बोलेन, तेवढं चालवून घ्या. आज्ञा आणि प्रोग्रॅमची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी लिपीत टाइप करायची.

प्रश्न: आमचा हळद निर्यातीचा व्यवसाय आहे. जपानमधलं एक जुनं गिऱ्हाईक ऑर्डर फॅक्सनेच पाठवतं आणि आमचं उत्तरही फॅक्सनेच मागतं. आमच्या फॅक्स मशीनचा रोलर गेला, सुटा भाग मिळत नाही. ऑफिसातले चारही संगणक लिनक्स मिंटवर आहेत. दुकानदार म्हणतो ऑल-इन-वन (छपाई, स्कॅन, फॅक्स एकातच करणारं यंत्र) घ्या, मुलगा म्हणतो यूएसबी मोडेम (संगणक फोनच्या लाइनीला जोडणारी डबी) घ्या. लँडलाइन अजून तांब्याचीच आहे. कुणाचं ऐकावं?
— एक व्यापारी, सांगली

उत्तर: मुलाचं ऐका. तुमच्याकडे फॅक्स नुसता जायचा नाही, यायचाही आहे, आणि निकाल त्यावरच लागतो. बहुतेक ऑल-इन-वन यंत्रं लिनक्सवरून फॅक्स पाठवू देतात, तेही सगळी नाही. आलेला फॅक्स मात्र ती आपल्याच पोटातून कागदावर छापतात. मोडेम लावलात तर ऑर्डर थेट संगणकात येते आणि तिथून तुमच्या ईमेलवर पीडीएफ होऊन पडते. शाई संपली, कागद अडकला, पोऱ्याने कागद उचलून भलत्याच फायलीत लावला, या सगळ्या कटकटी संपल्या.

आता कुठला मोडेम? मॉडेलच्या नावामागे लागण्याआधी तो लिनक्सला कसा दिसतो ते बघा. लॅपटॉप घेऊनच दुकानात जा. पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तुमच्याकडे जे असेल ते. मोडेम लावा आणि ‘डीमेसेज’ ही लिनक्सचे ताजे संदेश दाखवणारी आज्ञा चालवा. शेवटच्या ओळींत ‘टीटीवायएसीएम०’ असं नाव आलं तर पैसे द्यायला हरकत नाही. याचा अर्थ मोडेमचं डोकं मोडेमच्या आतच आहे आणि ड्रायव्हर (तो चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आधीपासून आहे. यूएस रोबोटिक्सचा ५६३७ असा चालतो. कोनेक्सन्ट चिपचे बिननावाचे स्वस्त मोडेमही बरेचदा असेच दिसतात. काहीच दिसलं नाही आणि दुकानदार ‘सीडीवर ड्रायव्हर आहे’ म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडा. तो विनमोडेम असतो, त्याचं अर्धं काम विंडोजच्या प्रोग्रॅमवर टाकलेलं असतं. जुना, वेगळ्या अ‍ॅडॉप्टरचा सीरियल मोडेम कुणाच्या माळ्यावर मिळाला तर तो सगळ्यांत उत्तम. यूएसबी-सीरियल केबल लावली की झालं.

दुकानातच आणखी एक परीक्षा घ्या. मिनिकॉम (मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्रॅम) उघडून मोडेमला ‘एटी प्लस एफक्लास बरोबर प्रश्नचिन्ह’ विचारा. उत्तरात ० एवढंच आलं तर तो फॅक्सचा मोडेम नव्हे. १ आला तर फॅक्सची बोलणी संगणक करतो. २ किंवा २.० आला तर ती मोडेम स्वतः करतो. ऐकायला दुसरा प्रकार सोयीचा वाटतो, पण मी पहिलाच पसंत करतो. सॉफ्टवेअरमधली चूक पुढच्या आवृत्तीत निघते, चिपमधली जन्मभर राहते.

चार संगणकांच्या ऑफिसला हायलाफॅक्स योग्य. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं सॉफ्टवेअर आहे, दिसायला रूक्ष, पण रांग लावणं, एंगेज लागला तर पुन्हा फिरवणं, आलेलं टपाल वाटणं ही कामं ते मुकाट करतं. ज्याला मोडेम जोडलाय त्या संगणकावर सर्व्हर बसवा. ‘फॅक्ससेटअप’ आणि ‘फॅक्सअ‍ॅडमोडेम’ या दोन आज्ञा प्रश्न विचारत जातील. देशाचा कोड ९१, गावाचा कोड २३३ (आधीचं शून्य न लावता), एसटीडीसाठी ०, आयएसडीसाठी ००. बाकीच्या तिघांवर वायएजेएचएफसी हा क्लायंट टाका, म्हणजे हिशेबनिसांना टर्मिनल बघायची वेळ येणार नाही. फॅक्स यायला हवेत म्हणून ‘फॅक्सगेटी’ हा येणारा फॅक्स उचलणारा प्रोग्रॅम कायम चालू ठेवावा लागतो आणि ईमेलचा पत्ता ‘फॅक्सडिस्पॅच’ नावाच्या फाइलीत लिहावा लागतो. (एकच संगणक असणाऱ्यांनी एवढा पसारा मांडू नये. त्यांना ईफॅक्स-जीटीके पुरे.)

आता जिथे हमखास अडतं तिथे येतो. पहिली अडचण मोडेममॅनेजरची. हा प्रोग्रॅम मोबाईल डोंगलसाठी असतो, पण कुठलाही टीटीवायएसीएम दिसला की त्याच्याशी बोलायला जातो आणि तुमच्या फॅक्सच्या मध्येच तोंड घालतो. तुम्ही डोंगल वापरत नसाल तर ‘सिस्टिमसीटीएल’ या आज्ञेने ती सेवा कायमची बंद करा. सेवेच्या नावातले दोन्ही ‘एम’ मोठे असतात. ईफॅक्स वापरणाऱ्यांनी स्वतःला ‘डायलआउट’ गटातही घालून घ्यावं, नाहीतर परवानगी नाकारली जाते आणि माणूस मोडेमला शिव्या घालत बसतो.

दुसरी अडचण ‘नो डायलटोन’. फोन उचलला तर टोन स्वच्छ ऐकू येतो आणि मोडेम म्हणतो, टोनच नाही. दोघंही खरे असतात. आपल्या एक्सचेंजचा डायल टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा. अमेरिकी वळणाचा मोडेम ३५० आणि ४४० हर्ट्झच्या जोडीची वाट बघत असतो. त्याला दोन गोष्टी सांगा. ‘एटी प्लस जीसीआय बरोबर ५३’, म्हणजे आपण भारतात आहोत. आणि ‘एटीएक्स३’, म्हणजे टोनची वाट न बघता सरळ नंबर फिरव. दोन्ही हायलाफॅक्सच्या मोडेम फाइलीत, रिसेटच्या ओळीत लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी सांगावं लागणार नाही. एंगेज टोनचीही तीच कथा. आपला एंगेज पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद गप्प राहतो. काही मोडेमना तो ओळखू येत नाही, मग ते ‘नो कॅरियर’ म्हणून परत येतात. हायलाफॅक्स काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतोच, त्यामुळे काळजी नको.

ऑफिसात ईपीएबीएक्स (आतल्या फोनांचं छोटं एक्सचेंज) असेल तर मोडेम त्यात घालू नका. निदान डिजिटल एक्स्टेन्शनच्या भोकात तर नाहीच, तिथे तो जळू शकतो. बाहेरून आलेली लाइन ज्या रोझेटवर (भिंतीवरच्या फोनच्या डबीवर) येते तिथून सरळ वायर घ्या. त्याच लाइनीवर ब्रॉडबँड असेल तर स्प्लिटरच्या ‘फोन’ बाजूला. त्याच लाइनीवरचा दुसरा, पॅरलल फोन काढून टाका. कुणी मध्येच रिसीव्हर उचलला की पान तिथेच मेलं.

जपानचा नंबर ०० ८१ नंतर, त्यांच्या गावकोडातलं पहिलं शून्य गाळून. लाइनीला आयएसडी सुरू आहे ना, ते आधी विचारा. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे त्यांचं ऑफिस नऊला उघडतं तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेपाच. त्यासाठी तुम्ही उठायला नको. हायलाफॅक्सच्या ‘सेंडफॅक्स’ या फॅक्स पाठवायच्या आज्ञेला छोटा ‘ए’ हा पर्याय देऊन वेळ सांगता येते. लांबच्या लाइनीवर सुरुवातीला मोठा ‘बी’ देऊन वेग सेकंदाला ९६०० बिटवर बांधून ठेवा. पाच-सहा फॅक्स नीट गेले की १४४०० करून बघा.

आणि पहिल्या दिवशी मोडेमचा स्पीकर चालू ठेवा (‘एटीएम२’). ते आवाज ओळखता आले की लॉग वाचायची गरज निम्मी होते. तुमचा मोडेम नंबर फिरवून दर साडेतीन सेकंदांनी एक छोटी शिट्टी देतो, ११०० हर्ट्झची: ‘मी फॅक्स आहे, माणूस नाही.’ पलीकडचा उचलतो आणि तीनेक सेकंदांची एक लांब, उंच शिट्टी येते, २१०० ची. मग खरखरीत गुरगुर. ही दोघांची ओळखपरेड, फक्त ३०० बिटच्या वेगाने: कागद केवढा, वेग किती, नाव काय. त्यानंतर दीड सेकंद एकसुरी फुसफुस येते, ती चाचणी. पलीकडच्याला ती स्वच्छ पोचली तर पुन्हा छोटी गुरगुर येते आणि पान सुरू होतं. नाही पोचली तर वेग उतरवून पुन्हा फुसफुस. ही फुसफुस तीन-चारदा ऐकू आली तर समजा लाइन खराब आहे. सॉफ्टवेअरला हात लावू नका, लाइनमनला बोलवा. पहिल्या शिट्टीनंतर ‘हॅलो, हॅलो’ ऐकू आलं, तर काय झालंय ते मी सांगायला नको.

वळवाच्या दिवसांत संध्याकाळी मोडेमची फोनवायर काढून ठेवा. वीज कडाडते तेव्हा मोडेम प्लगमधून मरत नाहीत, फोनच्या तारेतून मरतात.

प्रश्न: आमच्या छोट्या रुग्णालयात एचपीचं ऑल-इन-वन आहे, संगणकावर उबुंटू. छपाई आणि स्कॅन उत्तम होतं. प्रिंटरच्या यादीत शेवटी ‘फॅक्स’ असलेलं दुसरं नावही दिसतं, पण त्यावर प्रिंट दिली की काहीच होत नाही. नंबर कुठे घालायचा तेच कळत नाही. विमा कंपनीच्या एका विभागाला कागद फॅक्सनेच लागतात.
— एक डॉक्टर, रत्नागिरी

उत्तर: डॉक्टरसाहेब, नंबर विचारणारी खिडकीच तुमच्याकडे बसवलेली नाही. उबुंटूबरोबर एचपीलिपचा, म्हणजे एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरचा, छपाईपुरता भाग येतो. ‘एचपीलिप-जीयूआय’ हे पॅकेज वेगळं टाका आणि ‘एचपी-सेटअप’ पुन्हा चालवा. मग वरच्या पट्टीत एचपीचं छोटं चिन्ह येतं. ते चालू असलं की फॅक्सच्या नावावर प्रिंट दिल्यावर नंबर विचारणारी खिडकी उघडते. चिन्हावाचून काम करायचं तर सरळ ‘एचपी-सेंडफॅक्स’ उघडा, पीडीएफ जोडा, नंबर घाला. नेहमीचे नंबर ‘एचपी-फॅब’ या वहीत साठवता येतात. रुग्णालयात ते कराच. हाताने नंबर टाइप करताना एक आकडा चुकला तर एखाद्याचा रिपोर्ट कुठल्या किराणा दुकानात निघेल, सांगता येत नाही.

‘एचपी-फॅक्ससेटअप’मध्ये रुग्णालयाचं नाव आणि नंबर भरून ठेवा. तो नंबर पलीकडच्या यंत्रावर उमटतो आणि विम्याचे लोक त्यावरूनच कागद जुळवतात. मुखपृष्ठ जोडायचा पर्याय दिसत नसेल तर पायथनचं ‘रिपोर्टलॅब’ पॅकेज घाला.

एवढं करूनही यंत्र ‘लाइन नाही’ म्हणालं तर मागची बाजू बघा. तिथे सारखीच दिसणारी दोन भोकं असतात, ‘लाइन’ आणि ‘एक्स्ट’. भिंतीतली वायर ‘लाइन’मध्येच हवी. साफसफाई करताना मावशींनी वायर काढली आणि दुसऱ्या भोकात घातली, हा प्रकार मी जितक्यांदा पाहिलाय तितका ड्रायव्हरचा दोष पाहिलेला नाही.

ब्रदरचं यंत्र असणाऱ्यांसाठी: त्यांचा लिनक्सचा छपाई ड्रायव्हर आणि पीसी-फॅक्स ड्रायव्हर हे दोन वेगळे असतात. दुसरा टाकलात तरच फॅक्स जातो. तो ‘बीआरफॅक्स’ नावाचा प्रिंटर तयार करतो आणि नंबर ‘फॅक्स-नंबर’ या पर्यायातून द्यावा लागतो. नवं यंत्र घेणाऱ्यांनी माहितीपत्रकात ‘आयपीपी फॅक्सआउट’ (फॅक्स पाठवायची सर्वसामान्य, ठरलेली पद्धत) आहे का बघावं. असेल तर कंपनीच्या ड्रायव्हरवाचून भागण्याची शक्यता वाढते. आणि पानं दोन-तीनच असतील तर छापा, काचेवर ठेवा, यंत्राच्या बटणांवरून पाठवा. लिनक्सच्या शुद्धतेसाठी दुपार घालवण्यात अर्थ नाही.

प्रश्न: वाचनालयाची मराठी पत्रं आम्ही हायलाफॅक्सने पाठवतो. टेक्स्ट फाइल दिली तर पलीकडे नुसता कचरा निघतो. पीडीएफ दिली तर पत्र जातं, पण समोरचे म्हणतात अनुस्वार आणि काही मात्रा गायब. आमच्या लेटरहेडवर वाचनालयाच्या इमारतीचा फोटो आहे, त्या पानाला तर चार-पाच मिनिटं लागतात.
— एक ग्रंथपाल, वाई

उत्तर: टेक्स्ट फाइल देऊच नका. हायलाफॅक्स तिची मांडणी स्वतः करतो आणि त्याला देवनागरी येत नाही. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढून तीच द्या.

अनुस्वाराचं गणित असं. फॅक्सचं पान आडवं १७२८ ठिपक्यांचं असतं, इंचाला २०४. उभ्या दिशेला मात्र साध्या दर्जात इंचाला ९८ च रेघा, म्हणजे एक रेघ सुमारे पाव मिलिमीटर जाड. बारा पॉइंटच्या अक्षरावरचा अनुस्वार जेमतेम दोन रेघांचा. तो रेघांच्या सीमेवर पडला की एका रेघेचा होतो, किंवा शिरोरेघेला चिकटून जातो, आणि ‘मंदिर’चं ‘मदिर’ होतं. इंग्रजीत आयच्या डोक्यावरचा ठिपका गेला तरी अडत नाही, आपल्याकडे शब्द बदलतो. उपाय सोपा: ‘सेंडफॅक्स’ला छोटा ‘एम’ द्या. मग रेघा १९६ होतात. पानाला वेळ वाढतो, तो वाढू द्या. फॉन्ट चौदा पॉइंटचा, सगळीकडे सारख्या जाडीचा घ्या. जाड-बारीक वळणांचा सुंदर फॉन्ट फॅक्सवर आधी मरतो. नेमकं काय जाणार ते आधी बघायचं असेल तर घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफचं चित्र करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘टिफजी३’ हे डिव्हाइस आणि २०४ बाय १९६ हे रिझोल्यूशन देऊन पान टिफमध्ये काढा आणि पडद्यावर मोठं करा. पलीकडच्याच्या हातात जवळजवळ तेच पडणार.

फोटो काढून टाका. फॅक्स पान पाठवताना ‘इतके पांढरे, इतके काळे, पुन्हा इतके पांढरे’ असे सलग पट्टे मोजून पाठवतो. कोरी ओळ म्हणजे एकच आकडा. फोटोचं मात्र काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं जाळं होतं, सलग पट्टा कुठेच उरत नाही आणि दर दोन-तीन ठिपक्यांना नवा आकडा पाठवावा लागतो. म्हणून ती चार-पाच मिनिटं. इमारतीचं रेखाचित्र करून घ्या, पान झटक्यात जाईल. लेटरहेडची फिकट रंगीत पार्श्वभूमीही तशीच महाग पडते.

प्रश्न: काका, माझ्याकडे ४जीचं यूएसबी डोंगल आहे. तेही टीटीवायएसीएम म्हणूनच दिसतं. त्यातून फॅक्स जाईल का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: नाही बाळा. नाव तेच, काम वेगळं. त्यात फॅक्सच्या शिट्ट्या वाजवणारा भागच नाही. ‘एफक्लास’ विचारून बघ, बहुधा एररच येईल. महाविद्यालयाला एकच अर्ज पाठवायचा असेल तर झेरॉक्सच्या दुकानात जा.

प्रश्न: कंपनीने तांब्याची लाइन काढून फायबर दिलं. फोन फायबरच्या डब्यातूनच चालतो. तेव्हापासून एक पान जातं, दोन पानी फॅक्स मध्येच तुटतो. मोडेम, हायलाफॅक्स सगळं जुनंच आहे, आधी कधी तक्रार नव्हती.
— एक सनदी लेखापाल, नागपूर

उत्तर: तुमचं जुनं सामान ठीक आहे, खालची जमीन बदलली. फायबरच्या डब्यातून आवाजाचे तुकडे पाकिटांत भरून जातात. एखादं पाकीट हरवलं किंवा उशिरा आलं तर बोलताना कानाला कळतही नाही. फॅक्सला तो शिट्टीतला खळगा वाटतो आणि तो ताळ सोडतो. पान जितकं लांब, तितकी अशा खळग्याची शक्यता जास्त, म्हणून तुमचं पहिलं पान वाचतं.

आधी कंपनीला फोन करून दोनच गोष्टी विचारा: या पोर्टवर टी.३८ सुरू होतो का, आणि नसेल तर आवाज जी.७११ मध्येच जातो का. टी.३८ मध्ये डबा शिट्ट्या ऐकतो, त्यातला मजकूर वेगळा काढतो आणि तेवढाच पुढे पाठवतो. ते सुरू झालं तर बहुधा तुम्हाला आणखी काही करावं लागणार नाही. जी.७११ आवाज दाबत नाही, त्यामुळे फॅक्सला निभावून नेता येतं. आवाज दाबून पाठवणाऱ्या दुसऱ्या कुठल्या कोडेकवर (आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीवर) असाल तर फॅक्स विसरा. ग्राहक सेवेत पहिल्यांदा फोन उचलणाऱ्याला यातलं काही माहीत नसेल, त्याच्याशी वाद घालू नका, तक्रार वरच्या पातळीवर न्यायला सांगा.

तोवर तुमच्या बाजूने वेग ९६०० वर उतरवा. मोडेम ३३६०० चा सुपर जी३, म्हणजे जलद फॅक्सचा, असेल तर तो प्रकार बंदच करा, फायबरवर तो सगळ्यांत आधी कोसळतो. त्रुटी-दुरुस्ती, म्हणजे ईसीएम, बंद करावी की चालू ठेवावी यावर लोक भांडतात. बंद केली की पान पूर्ण जातं, पण मध्ये एखादी ओळ फाटलेली असू शकते. चालू ठेवली की पान अचूक जातं, नाहीतर जातच नाही. तुमच्या कागदांवर आकडे असतात. एक फाटलेली ओळ म्हणजे एक चुकीची रक्कम, तेव्हा चालू ठेवा. मोठा फॅक्स एकेका पानाचे वेगळे जॉब करून पाठवा. तुटलं तरी एकच पान पुन्हा जाईल, अख्खा गठ्ठा नाही.